समाजासमाजांत फरक करणारा कायदा कसा वाचावा: बडोद्यातील मराठी वाचकांसाठी

बडोद्याच्या जुन्या शहरातले घर विकायचे असो, मराठी शाळा चालवायची असो, जातीचा दाखला काढायचा असो किंवा धर्मांतराची नोंद करायची असो, अशा प्रत्येक कामात कधी ना कधी असा कायदा आडवा येतो, जो सगळ्या समाजांना सारखे वागवत नाही किंवा निदान तसा संशय तरी येतो. अशा कायद्यांविषयी घरात आणि चौकात मते भरपूर असतात, पण मूळ कलम उघडून पाहिलेले माणूस क्वचितच भेटते. ते कलम कसे उघडावे, कोणत्या क्रमाने प्रश्न विचारावेत आणि कोणत्या जागी थांबून नीट पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. वकिलाचे काम त्याने भागणार नाही. मात्र वकिलासमोर बसताना आपला प्रश्न नेमका कोणता आहे, हे वाचकाला माहीत असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

व्याख्यांपासून सुरुवात करावी

केंद्राचे आणि राज्यांचे कायदे ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. प्रत उघडल्यावर उद्देशाचे कथन तूर्त बाजूला ठेवावे आणि आधी व्याख्यांचे कलम वाचावे, कारण कायदा कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो हे तेथेच ठरलेले असते. बडोद्यातील एखादे दलित कुटुंब बौद्ध धर्म स्वीकारते, असे समजू. विवाह आणि घटस्फोटासाठी त्या कुटुंबाला १९५५चा हिंदू विवाह कायदाच लागू राहतो, कारण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन आणि शीख यांना सामावून घेतलेले आहे. गुजरात धर्मस्वातंत्र्य कायद्यासाठी मात्र बौद्ध हा स्वतंत्र धर्म आहे. राज्याच्या गृह विभागाने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून तसे स्पष्ट केले असल्यामुळे हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जातानाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीचा प्रश्न उभा राहतो. तिसरा प्रश्न अनुसूचित जातीच्या दर्जाचा. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशात हा दर्जा जवळजवळ केवळ हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. त्यामुळे हे कुटुंब बौद्ध झाल्यावरही दर्जा टिकतो, पण तेच कुटुंब ख्रिस्ती किंवा मुसलमान झाले असते तर तो गेला असता. अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अशी अट नाही.

एकाच कुटुंबाला एकाच दिवशी तीन कायदे तीन निरनिराळ्या रीतींनी ओळखतात, म्हणून ‘कायद्याने आम्ही कोण’ असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो; कोणत्या कायद्यासाठी आणि कोणत्या कामासाठी, हे आधी ठरवावे लागते. प्रत वाचताना शेवटची सुधारणा कोणत्या वर्षाची आहे, तेही तपासून घ्यावे.

मनाई नेमकी कोणाची, ते ओळखावे

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने ते राहिले आणि अकराव्या दिवशी, कचेरीत जाण्याच्या तयारीत असताना, हातांत काठ्या घेतलेले दहाबारा लोक त्यांच्या खोलीवर चालून आले. त्या दिवशी बाबासाहेब काही तास येथील सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने शहर सोडून गेले. ज्या संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत होते, जेथे खुद्द महाराजांनी त्यांना शिकायला पाठवले होते, तेथे हे घडले. त्यांना हाकलणारा हात राज्याच्या कायद्याचा नव्हता. तो रूढीचा होता, आणि रूढीला आवरणारा कायदा त्या काठ्यांच्या आड आला नाही. हे वाचताना आजही माझी मान खाली जाते, आणि म्हणूनच दुसरा प्रश्न हा असावा, असा माझा आग्रह आहे: मनाई सरकारची आहे, संस्थेची आहे की लोकांची?

संविधानाने या तिघांना एकाच दोरीने बांधलेले नाही. अनुच्छेद १४ आणि अनुच्छेद १५चा पहिला खंड सरकार, महापालिका, सरकारी विद्यापीठ यांना बांधतात. अनुच्छेद १५(२) दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते अशा ठिकाणी खासगी माणसालाही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून अडवू देत नाही. अनुच्छेद १७ने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे आचरण कोणीही केले तरी तो गुन्हा आहे. १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच पायावर उभे आहेत. १९१७ची ती घटना आज घडली असती, तर तक्रार नोंदवायला कलम हाताशी असते.

मधली जागा मात्र मोकळी राहिली आहे, आणि ती सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची आहे. अहमदाबादेतील एका पारशी सोसायटीच्या उपविधीत (म्हणजे अंतर्गत नियमावलीत) फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती वैध ठरवली. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे आणि आपल्या पसंतीच्या लोकांशी संघटन करण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(ग) देतो, असा त्यामागचा विचार होता. अमेरिकेत हाच प्रश्न घरांच्या खरेदीखतांत घातलेल्या अटींच्या रूपाने आला होता. कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही, असे गोरे शेजारी आपसांत लिहून ठेवत. शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अट खासगी असली, तरी न्यायालयाने तिची अंमलबजावणी केली की ती सरकारची कृती होते, आणि तशी अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत. मला हा विचार अधिक पटतो, पण बडोद्यातील वाचकाला आज २००५चा निर्णय लागू आहे, हे ध्यानात ठेवावे. सोसायटीत घर घेण्यापूर्वी उपविधीची नोंदणीकृत प्रत मागून घ्यावी. सेक्रेटरीच्या तोंडी ‘आमच्याकडे चालत नाही’ एवढ्यावर परत फिरू नये, कारण जी अट उपविधीत नाही तिला २००५च्या निर्णयाचा आधार मिळत नाही.

परवानगी कोणाच्या हाती आहे, आणि तिला लगाम कोणता

सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बडोदेकरांना ‘अशांत धारा’ या नावाने ठाऊक असलेला गुजरातचा १९९१चा कायदा त्यासाठी बारकाईने वाचावा. शहरातील जुन्या वस्तीचे बरेच भाग त्याखाली येतात. दंगलीनंतर भीतीने कवडीमोलाने घरे विकली जाऊ नयेत आणि भाडेकरूंना हुसकावले जाऊ नये, हा त्याचा मूळ हेतू होता आणि तो रास्त होता. दंगलीची किंवा जमावाच्या हिंसेची तीव्रता आणि कालावधी पाहून सरकार अधिसूचनेने एखादे क्षेत्र ठराविक मुदतीसाठी अशांत म्हणून जाहीर करते, आणि त्या क्षेत्रातील स्थावर मालमत्तेचे हस्तांतर कलेक्टरांच्या पूर्वपरवानगीशिवाय केले तर ते शून्यवत ठरते. विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा हे सगळे त्यात आले.

आता या परवानगीविषयीचे मूळ कलम ५ सावकाश वाचावे. त्यात कोणत्याही धर्माचे नाव नाही. बडोद्याच्या वाडी भागातल्या हिंदूने आपले घर हिंदूला विकले तरी कलमाच्या शब्दांप्रमाणे परवानगी लागते. अर्जासोबत विकणाऱ्याने प्रतिज्ञापत्र द्यायचे असते, त्यात दोनच गोष्टी सांगायच्या असतात: हा व्यवहार मी राजीखुशीने करत आहे, आणि मला मालमत्तेची वाजवी किंमत मिळत आहे. मूळ कलमाप्रमाणे कलेक्टरांनी चौकशीही या दोनच मुद्द्यांवर करायची. शेजाऱ्यांना नवा मालक पसंत आहे का, वस्तीत कोणाची घरे किती होतील, हे प्रश्न त्या मूळ कलमात कोठेही नव्हते.

व्यवहारात मात्र तेच प्रश्न पुढे येत राहिले. बडोद्यातीलच एका दुकानाची विक्री हिंदू मालकाकडून मुसलमान खरेदीदाराकडे होत असताना लोकसंख्येचा समतोल आणि सुव्यवस्था यांची कारणे देऊन परवानगी नाकारली गेली. गुजरात उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो नकार रद्द केला आणि अधिकाऱ्याने मुक्त संमती व वाजवी किंमत एवढेच पाहायचे असते, असे सांगितले. त्यानंतरही शेजाऱ्यांनी आव्हान दिले, तेव्हा २०२३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळून त्यांच्यावर खर्चाचा बोजाही टाकला. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी हे दोन्ही निर्णय वकिलाकडून मागवून फाइलला लावावेत.

२०१९च्या सुधारणेने या कायद्याचे रूप बदलले. क्षेत्र अशांत ठरवण्याच्या कारणांत ध्रुवीकरणाची शक्यता, लोकसंख्येच्या समतोलात बिघाड आणि एका समाजाच्या लोकांचे अयोग्य एकत्रीकरण असे निकष आले, आणि नियमभंगासाठी ३ ते ५ वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. म्हणजे जो कायदा दंगलीत सापडलेल्या विक्रेत्याचे रक्षण करण्यासाठी आला, तो आता कोण कोणाशेजारी राहतो याची मोजदाद करू लागला. सुधारित निकषांवर नव्या अधिसूचना काढण्यास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अंतरिम मनाई केली. म्हणून आपल्या घराला लागू असलेली अधिसूचना कोणत्या तारखेची आहे, तिची मुदत कधी संपते आणि ती कोणत्या निकषावर काढली आहे, या तिन्ही गोष्टी सिटी सर्वे क्रमांकासह कलेक्टर कचेरीतून लेखी घ्याव्यात. तोंडी उत्तर मिळाले तर माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. बानाखत (विक्रीचा प्राथमिक करार) करतानाच ‘परवानगी मिळाल्यास’ ही अट आणि परवानगी न मिळाल्यास बयाण्याची रक्कम परत करण्याची अट लिहून घ्यावी. किंमत वाजवी असल्याचे दाखवण्यासाठी जंत्रीचा (सरकारी दरपत्रकातला) दर आणि जवळपासच्या ताज्या दस्तांची नक्कल जोडावी. नकार आला तर कारणांसह लेखी आदेश मागावा, कारण कारणे लिहिलेली नसतील तर अपिलात भांडायचे कशाशी, हेच कळत नाही.

शब्दांत तटस्थ असलेला कायदा हातात पक्षपाती कसा होतो, याचे जुने उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा असेल तर शहराच्या मंडळाची परवानगी घ्यावी, असा तेथील नियम होता. त्यात चिनी माणसांचा उल्लेखसुद्धा नव्हता. तरीही अर्ज करणाऱ्या २००च्या आसपास चिनी धोब्यांना परवानगी नाकारली गेली आणि इतर ८०च्या आसपास लोकांना, एखादा अपवाद वगळता, ती मिळाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये यिक वो खटल्यात हा प्रकार समानतेच्या विरुद्ध ठरवला. अर्जदारांना कामाचा धडा यातून मिळतो: एकट्याचा नकार सहज दडपला जातो, पण एकाच वस्तीतील मंजूर आणि नामंजूर अर्ज शेजारी मांडले की न्यायालयाला दिसावे असे चित्र उभे राहते.

‘दोघांनाही सारखीच मनाई’ हे उत्तर पुरेसे नाही

बाबासाहेब बडोदे सोडून गेले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराचा एक नियम रद्द केला. ज्या रस्त्यावर गोऱ्यांची घरे अधिक, तेथे कृष्णवर्णीयाने राहायला जायचे नाही, आणि जेथे कृष्णवर्णीयांची घरे अधिक तेथे गोऱ्याने जायचे नाही, असा तो नियम होता. शहराचा बचाव अगदी सरळ होता: मनाई दोघांनाही आहे, मग अन्याय कोणावर? न्यायालयाने मालकाच्या घर विकण्याच्या हक्कावर बोट ठेवून नियम पाडला; वंशभेद चूक आहे, असे मात्र स्पष्टपणे म्हटले नाही, आणि म्हणूनच वर सांगितलेल्या खासगी अटींना पुढची तीस वर्षे मोकळे रान मिळाले. निर्णय कोणत्या कारणावर उभा आहे हे शोधण्याची सवय लावून घ्यावी, ती यासाठी.

रेल्वेच्या डब्यांबाबत १८९६च्या प्लेसी खटल्यात हाच बचाव टिकला होता. वेगळे डबे, पण सोयी सारख्या, असे म्हणत बहुमताने लुइझियानाचा कायदा उचलून धरला. न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात गेले. संविधान रंग ओळखत नाही, हे त्यांचे म्हणणे शाळांच्या बाबतीत खरे ठरायला १९५४चा ब्राउन निर्णय यावा लागला. दक्षिण आफ्रिकेत तर १९५०च्या कायद्याने प्रत्येक वंशासाठी वस्तीचे पट्टेच आखले आणि तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. एक मापदंड हाताशी ठेवावा: मनाई दोन्ही बाजूंना असली, तरी तिच्यामुळे गैरसोय कोणाची होते, चांगली शाळा, बाजार, दवाखाना आणि बँकेचे कर्ज कोणाच्या बाजूला राहतात, हे पाहावे. बडोद्यात अमुक वस्तीत घर मिळत नाही अशी तक्रार कोणी केली तर ‘त्यांच्या वस्तीत आपल्यालाही मिळत नाही’ असे उत्तर देण्यापूर्वी हे जरूर पाहावे.

धर्माचरणाचा प्रश्न आला तर

अनुच्छेद २५ आणि २६ एकत्र वाचावेत. पहिला व्यक्तीला हक्क देतो, दुसरा संप्रदायाला, आणि खरा संघर्ष बहुधा या दोघांतच असतो. १९५४च्या शिरूर मठ निर्णयाने धर्माचा अत्यावश्यक भाग त्या धर्माच्या शिकवणीवरून ठरवावा असे सांगितले; पुढे न्यायालये तो स्वतःच ठरवू लागली. केरळमधील तीन भावंडांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून ते म्हणण्यास मात्र धर्मश्रद्धेमुळे नकार दिला, तेव्हा १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे एवढे पाहून त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. ती कसोटी मला अधिक माणुसकीची वाटते.

बडोद्यात बोहरा वस्ती जुनी आहे, म्हणून १९६२चा दाऊदी बोहरा निर्णय येथे विशेष वाचण्याजोगा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये, म्हणजे बडोदे त्या राज्यात विलीन झाले त्याच वर्षी, समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला, कारण बहिष्कृत करण्याचा धर्मगुरूचा अधिकार हा संप्रदायाच्या धर्मव्यवहाराचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे एकट्याचे विरोधी मत होते, आणि बहिष्कृत माणूस आपल्या माणुसकीच्या हक्कांना मुकतो हा मुद्दा त्यात आहे. हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. निर्णय वाचताना बहुमतावर थांबू नये. हार्लन आणि सिन्हा या दोघांचीही मते हरलेली होती, पण पुढच्या पिढ्यांनी वाद त्यांच्याच आधाराने पुढे नेले.

आपण स्वतः कोठे बसतो

मराठी भाषक गुजरातेत भाषिक अल्पसंख्य आहेत. अल्पसंख्य कोण हे राज्य हा घटक धरून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले, त्यामुळे अनुच्छेद ३०खाली शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क येथील मराठी संस्थांना आहे. अनुच्छेद १५च्या यादीत भाषा हा शब्द नाही, पण सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेतील प्रवेशाविषयीच्या अनुच्छेद २९(२) मध्ये तो आहे. तक्रार लिहिताना कलम चुकले की तक्रारच पडते. धर्माने बहुसंख्य असलेला बडोद्याचा मराठी माणूस भाषेने अल्पसंख्य आहे, हे ज्याला उमगते तो दुसऱ्याच्या संरक्षणाकडे सवलत म्हणून पाहत नाही, असा माझा अनुभव आहे.

जातीच्या दाखल्याचे मात्र येथील मराठी कुटुंबांत पुष्कळ हाल होतात. १९९०च्या मर्री चंद्रशेखर राव निर्णयानुसार अनुसूचित जात किंवा जमात ही मूळ राज्यापुरती असते. पुढे नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून येथे आलेल्या कुटुंबाला गुजरात राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, जरी जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले तरी. केंद्राच्या नोकऱ्या आणि संस्था यांच्यासाठी मूळ राज्याचा दाखला चालतो. पण ज्यांचे आजोबा-पणजोबा गायकवाडीतच येथे स्थायिक झाले, त्यांचे मूळ राज्य गुजरातच होय. अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५०चा आहे, तेव्हा त्या तारखेला कुटुंब बडोद्यात राहत होते, हे दाखवणारा कागद शोधावा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, संस्थानच्या नोकरीचे सेवापुस्तक, घरपट्टीची जुनी पावती किंवा सिटी सर्वेचा उतारा, यांपैकी जे सापडेल त्याची प्रमाणित नक्कल आधी काढून ठेवावी आणि मगच अर्ज करावा.